तानपुरा, तबला आणि टेकडी : छंदांतून लागणाऱ्या ध्यानाचा उलगडा

डोळे मिटून, पाठ ताठ करून ध्यानाला बसलेल्या नवशिक्या माणसाची पहिली तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे मन जागेवर राहत नाही. श्वासाकडे लक्ष द्यायचे असे ठरवून तो बसतो आणि दोन-तीन श्वास नीट जातातही. मग गॅसचा सिलिंडर नोंदवायचा राहिल्याची आठवण होते, त्यावरून शेजाऱ्यांची, शेजाऱ्यांवरून सोसायटीच्या सभेची, आणि आपण श्वास सोडून त्या सभेतल्या भांडणात जाऊन बसलो आहोत हे लक्षात येईपर्यंत पाच-सात मिनिटे उलटून गेलेली असतात. हाच माणूस संध्याकाळी तबल्यावर तीनतालाचा ठेका धरून बसला, किंवा पहाटे टेकडी चढू लागला, की अर्ध्या-पाऊण तासाने त्याचा चेहरा निवळलेला दिसतो आणि ‘आज छान तंद्री लागली’ असे तो सांगतो. जे आसनावर बसून जमले नाही, ते हातापायांनी किंवा गळ्याने कसे साधले, आणि जे साधले त्याला खरोखर ध्यान म्हणता येईल का, हे दोन प्रश्न या लेखात सोडवून पाहायचे आहेत.

मराठीत या अनुभवासाठी शब्दांची वाण नाही. आपण तंद्री लागली म्हणतो, भान हरपले म्हणतो, गुंग झालो, रंगून गेलो, ब्रह्मानंदी टाळी लागली असेही म्हणतो. मात्र हे शब्द एकाच अवस्थेची निरनिराळी नावे आहेत असे समजण्यात थोडी गफलत होते, कारण तंद्रीत जाग मंदावते, रंगून जाण्यात ती एका ठिकाणी गोळा होते, आणि भान हरपण्यात ती काही काळ सुटूनच जाते. ध्यानाशी यांपैकी कशाचे नाते आहे हे ठरवायचे, तर ध्यान म्हणजे काय हे आधी पाहायला हवे.

योगसूत्रांच्या तिसऱ्या पादाच्या आरंभी पतंजलींनी याची व्याख्या फार थोड्या शब्दांत केली आहे. ‘देशबन्धश्चित्तस्य धारणा’, म्हणजे चित्ताला एका जागी बांधून ठेवणे ही धारणा. आणि लगेच पुढे ‘तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्’, म्हणजे त्याच जागी जाणिवेचा प्रवाह एकतान होणे, न तुटता वाहत राहणे, हे ध्यान. यात डोळे मिटण्याची अट नाही आणि विचार शून्य करण्याचीही नाही. चित्ताला एक आधार हवा, ज्याला परंपरेत आलंबन म्हणतात, आणि त्या आधाराशी सलगपणे राहता यायला हवे, एवढेच यात म्हटले आहे. गंमत अशी, की ‘एकतान’ या शब्दातला ‘तान’ हा ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूपासून आलेला आहे, गवयाची तानही त्याच धातूची आहे आणि आपल्या रोजच्या जगण्यातला ‘ताण’ही त्याच कुळातला आहे. तार सैल असली तर सूर निघत नाही आणि नको तितकी ताणली तर तुटते, हे वाद्य लावणाऱ्याला व्याकरण न शिकताही ठाऊक असते.

आधुनिक वैद्यकाच्या बाजूने या विषयाला हात घातला तो हार्वर्डचे हृदयविकारतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी. ध्यान करणाऱ्यांच्या शरीरात काय बदल होतात हे त्यांनी मोजले आणि हृदयाची गती, श्वासाची गती व शरीराचा प्राणवायूचा वापर कमी करणाऱ्या या अवस्थेला १९७५ मध्ये ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ असे नाव दिले. पुढे ही अवस्था साधायला काय काय लागते याची त्यांनी चाळणी केली, तेव्हा गाळून-गाळून दोनच गोष्टी उरल्या. एखादा शब्द, ध्वनी, प्रार्थना किंवा स्नायूंची हालचाल सतत पुन्हापुन्हा करणे ही पहिली, आणि मध्येच विचार आले तर त्यांच्याशी झगडा न करता शांतपणे त्या पुनरावृत्तीकडे परतणे ही दुसरी. ध्वनी आणि स्नायूंची हालचाल हे दोन पर्याय या यादीत मंत्राच्या आणि प्रार्थनेच्या शेजारीच बसलेले आहेत, ही आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट. ठेका, पाऊल, पोहताना मारलेला हात, खर्जातला (म्हणजे खालच्या सप्तकातला) षड्ज किंवा ‘सा’, या सगळ्यांत पहिली अट आपोआप पुरी होते. दुसरी आपोआप होत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

परतायचे तर आधी आपण निघून गेलो आहोत हे कळायला हवे. स्वस्थ बसून केलेल्या ध्यानात हे कळण्याला बाहेरून काहीच मदत नसते, कारण श्वास आपल्या लक्षावाचूनही चालू राहतो आणि मन भटकले म्हणून तो तक्रार करत नाही. छंदाचे मोठे बळ मला इथे दिसते. तिथे चूक लगेच कळते. लक्ष ढळले की सूर उतरतो, तालाची पहिली मात्रा म्हणजे सम चुकते, पाय दगडावर वाकडा पडतो, पाण्यात श्वासाची वेळ हुकते. चूक होणे आणि ती कळणे यांच्यामधले अंतर जितके कमी, तितकी मनाची भटकंती आखूड होते. ज्या छंदात हे अंतर मिनिटांचे आहे त्यातून ध्यान लागणे अवघड जाते आणि ज्यात ते क्षणाचे आहे त्यातून सोपे जाते. पुढची सारी उदाहरणे याच एका कसोटीवर घासून पाहता येतील.

सुराचा आरसा

या कसोटीला तानपुऱ्याइतके उतरणारे दुसरे वाद्य मला माहीत नाही. त्यावर काही ‘वाजवायचे’ नसते. चार तारा, पहिली बहुधा मंद्र पंचमात, म्हणजे खालच्या ‘प’मध्ये, मधल्या जोडीच्या दोन मध्य षड्जात आणि चौथी, बहुधा पितळेची, खर्जात, याच क्रमाने बोटांनी छेडत राहायच्या. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत ही वाद्ये एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यानपिढ्या घडवली जात आहेत आणि तिथल्या तानपुऱ्याला व सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या कारागिराची खरी परीक्षा जवारी काढण्यात असते. तारा ज्यावरून जातात त्या घोडीचा माथा अगदी सूक्ष्म उताराने घासायचा, आणि मग तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून अशी जागा शोधायची, की तार सुटल्यावर ती घोडीला हलकेच घासत राहील आणि एका सुरातून अनेक सूर फुलत वर येतील.

हे सूर येतात कुठून? कोणतीही ताणलेली तार मूळ कंपनाबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंपनांनीही थरथरत असते. खर्जाच्या तारेतले तिपटीचे कंपन म्हणजे पंचम आणि पाचपटीचे म्हणजे शुद्ध गंधार, ‘ग’. गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. तो कोणी लावलेला नसतो, कोणी छेडलेला नसतो, आणि पहिल्या दिवशी ऐकूही येत नाही. जवारी चांगली असली आणि ऐकणारा काही मिनिटे गप्प राहिला, तर तो हळूहळू वर येतो, आणि मन दुसरीकडे गेले की पुन्हा नाहीसा होतो. म्हणजे वाद्यात बदल काहीच झालेला नसताना केवळ आपले लक्ष कुठे आहे हे तो सूर सांगतो. ध्यानाची इतकी नेमकी खूण आसनावर बसणाऱ्याला सहसा मिळत नाही.

जोडीच्या तारा मिळवतानाही असेच घडते. एका तारेची सेकंदाला २०० कंपने होत असतील आणि दुसरीची २०१, तर दोन्ही आवाज मिळून सेकंदाला एकदा फुगतात आणि ओसरतात. खुंटी किंवा मणी जरासा सरकवला की ही लाट लांबते, मग आणखी लांबते, आणि तारा एकजीव झाल्या की विरून जाते. गाणे सुरू होण्याआधी दहा मिनिटे वाद्य लावण्यात गेली म्हणून श्रोते कधी कधी चुळबुळ करतात. मला मात्र ती दहा मिनिटे बैठकीचाच भाग वाटतात, कारण तेवढ्या वेळात कलाकाराचे आणि लक्ष देणाऱ्या श्रोत्याचेही कान बाहेरच्या रस्त्यावरून उठून दोन तारांमधल्या त्या लाटेवर येऊन बसलेले असतात.

गळ्याने हाच प्रयोग करायचा तो खर्जाच्या रियाजात. पहाटे मंद्र सप्तकातला षड्ज ‘आ’काराने लावायचा, श्वास पुरेल तेवढा धरायचा, संपला की सावकाश श्वास घेऊन पुन्हा लावायचा. राग नाही, बंदिश नाही, दाद देणारे कोणी नाही. पहिल्या पाच मिनिटांत कंटाळा येतो, आणि तो यावाच. कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर आपला षड्ज तानपुऱ्याच्या षड्जात नेमका कुठे टेकतो आहे, तो खालून चढतो आहे की वरून उतरतो आहे, श्वासाच्या शेवटी तो केसभर खचतो आहे का, असे बारकावे दिसू लागतात. सुरावर अशी माया करणाऱ्या किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ उत्तरायुष्यात मिरजेतच राहिले, ही संगती रसिकांना सुखावणारी आहे.

या रियाजात शरीरातही काही घडत असते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. दीर्घ सूर धरताना श्वास घेणे चटकन उरकते आणि सोडणे लांबते, त्यामुळे मिनिटाला पाच-सहा श्वासांवर येणे सहज घडते. इटलीतले हृदयतज्ज्ञ लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा मंत्र या दोन्हींचे पठण करताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो असे आढळले. रक्तदाबातही साधारण दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. श्वास त्या लाटेच्या जोडीने चालू लागला की हृदयाची गती आणि रक्तदाब यांचा ताळमेळ राखणारी शरीराची व्यवस्था अधिक तत्पर होते, असे त्या अभ्यासात दिसले. एक रोमन कॅथलिक प्रार्थना, दुसरा तिबेटी बौद्धांचा मंत्र. अर्थाने दोन्ही एकमेकांपासून दूर, पण म्हणायला लागणारा वेळ सारखा. खर्जाचा रियाज करणाऱ्याला हे वाचून फारसे आश्चर्य वाटणार नाही.

सम, खाली आणि ठाय लय

तालाचा आरसा वेगळ्या प्रकारचा आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिल्या मात्रेवर सम असते आणि नवव्या मात्रेवर खाली. त्या भागात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा थांबतो आणि ‘धिं’च्या जागी ‘तिं’ येतो. ऐकणाऱ्याच्या कानावर ती एक सूक्ष्म पोकळी असते. मात्रेला एक सेकंद एवढ्या संथ लयीत सोळा सेकंदांचे आवर्तन होते. म्हणजे दर सोळा सेकंदांनी ‘तू इथे आहेस का’ अशी विचारणा समेवर होते, आणि अध्येमध्ये आठ सेकंदांवर खालीही तेच विचारते. भटकलेले मन फार लांब जाण्याआधीच परत बोलावले जाते. विलंबित ख्यालातल्या एकतालाचे बारा मात्रांचे आवर्तन पाऊण-एक मिनिट चालू शकते. तिथे ही विचारणा विरळ होते आणि म्हणूनच जाणत्या कानांनाच ते झेपते.

यातून नवशिक्यांना उलटा वाटणारा एक नियम निघतो. ध्यानासाठी अवघड चीज उपयोगाची नाही. नवा कायदा, म्हणजे तबल्याची ठरावीक बोलरचना, बसवताना बोटे अडखळतात, मनात चीड येते, आपण ढ आहोत असे वाटते. या सगळ्याला शिकणे म्हणतात आणि ते आवश्यकच असते, पण त्यात एकतानता नसते. दुसऱ्या टोकाला, वर्षानुवर्षे वाजवणाऱ्याच्या हातात ठेका इतका मुरलेला असतो, की तो वाजवता वाजवता उद्याच्या कार्यक्रमाच्या मानधनाचा हिशेबही करू शकतो. तिथेही ध्यान नाही. जुने तबलजी यावर उपाय म्हणून ठाय, म्हणजे अगदी संथ, लयीत रियाज करायला सांगतात, कारण लय जितकी संथ तितक्या दोन मात्रांमधल्या रिकाम्या जागा मोठ्या, आणि त्या रिकाम्या जागेत स्थिर राहणे हे जलद बोल काढण्यापेक्षा कठीण. हात जे सहज करू शकतो तेच वाजवायचे, पण इतक्या हळू की मनाला सोबत चालावेच लागेल.

आव्हान आणि कौशल्य यांच्या या तोलावर हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी आयुष्यभर काम केले. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक अशा लोकांच्या मुलाखतींतून त्यांनी १९७५ च्या सुमारास ‘फ्लो’ ही कल्पना मांडली. काम कौशल्याच्या फार वर गेले तर माणूस धास्तावतो, फार खाली आले तर कंटाळतो, आणि दोन्ही जुळले, उद्दिष्ट स्पष्ट असले व प्रतिसाद तात्काळ मिळाला, तर तो कामात इतका रंगतो, की वेळेचे आणि स्वतःचे भान राहत नाही. फ्लो आणि ध्यान यांची अनेक ठिकाणी सरमिसळ केली जाते. त्या दोन्हींत अंतर आहे, पण त्याकडे वळण्याआधी शरीराच्या छंदांकडे पाहू.

पाऊल आणि श्वास

चालण्याची अडचण तालाच्या नेमकी उलटी आहे. ते फारच सोपे आहे. सपाट रस्त्यावर चालताना पायांना मनाची गरजच पडत नाही, म्हणून फिरायला गेलेली माणसे घरी येतात ती पायांनी सहा किलोमीटर आणि डोक्याने साऱ्या नातेवाइकांकडे जाऊन. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या गडाच्या वाटेवर परिस्थिती बदलते, कारण घसरणारी माती, सुटे दगड आणि चढामुळे वाढलेला श्वास यांमुळे प्रत्येक पाऊल थोडासा निर्णय मागते. सपाट जागी हा निर्णय आपणच निर्माण करावा लागतो. बौद्ध परंपरेतले चंक्रमण म्हणजे हेच. ठरावीक अंतरात मागेपुढे सावकाश चालायचे आणि पाऊल उचलले, पुढे नेले, टेकवले हे जाणत राहायचे. बसण्याचा आळस आला म्हणून काढलेली ही पळवाट नाही. चालताना ‘मी चालत आहे’ हे जाणणे हा सतिपट्ठान सुत्त या बुद्धवचनातल्या साधनेचा स्पष्ट सांगितलेला भाग आहे.

धावताना श्वास स्वतःहून पावलांशी जुळवून घेतो. डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरिअर यांनी १९८३ मध्ये दाखवले, की चौखूर उधळणारे प्राणी बहुधा एका झेपेला एक श्वास या बंधनात अडकलेले असतात, पण माणूस मात्र चारास एक, तीनास एक, दोनास एक, पाचास दोन अशी प्रमाणे बदलू शकतो आणि त्यांत दोनास एक हे प्रमाण सर्वाधिक आढळते. तालाची भाषा जाणणाऱ्याला यात दुगुन (दुप्पट लय) आणि आडलय (दीडपटीसारखी तिरकी लय) दिसेल. धावणाऱ्याने घड्याळ न पाहता आपले हे प्रमाण ऐकले, आणि चढावर ते कुठे बदलते हे टिपले, तर त्याला तानपुऱ्यासारखेच एक आलंबन मिळते.

पोहण्यात तर ही शिस्त सक्तीची असते. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्याखाली, श्वास घेण्याची जागा ठरलेली, डोळ्यांपुढे तळाच्या फरश्या आणि कानांत आपल्याच बुडबुड्यांचा आवाज. दर तिसऱ्या हाताला श्वास घ्यायचे ठरवले आणि लक्ष चुकले, तर नाकात गेलेले पाणी विनम्रपणे आठवण करून देते. मल्लखांबावर तर आठवण करून द्यायला तेवढी उसंतही नसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या या व्यायामात पकड ढिली झाली की माणूस खाली येतो, त्यामुळे खांबावर असेपर्यंत सिलिंडरचा विचार मनात येऊच शकत नाही. मात्र भीतीने आवळलेले लक्ष आणि आपणहून स्थिर झालेले लक्ष यांत फरक आहे, आणि माझ्या मते ध्यानाच्या दृष्टीने पोहणे किंवा संथ सूर्यनमस्कार अधिक उपयोगी ठरतात.

बराच वेळ धावल्यावर येणाऱ्या हलकेपणाचे श्रेय अनेक वर्षे एंडॉर्फिनला दिले जात होते. रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही ही त्या समजुतीतली अडचण होती. जर्मनीत २०१५ मध्ये उंदरांवर आणि २०२१ मध्ये माणसांवर झालेल्या प्रयोगांनी बोट दाखवले ते शरीरातच तयार होणाऱ्या, गांजातले द्रव्य पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) काम करते त्यांवरच काम करणाऱ्या दुसऱ्या गटातल्या द्रव्यांकडे. त्यांपैकी एकाचा शोध १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत लागला आणि शोधकांनी त्याला नाव दिले आनंदामाइड, संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून. हा आनंद खरा असला, तरी तो ध्यानाचा पुरावा मानू नये. तो धावण्याचे बक्षीस आहे, आणि मन चौफेर भटकत असतानाही मिळू शकतो.

जिथे दोन्ही एकत्र येतात

शरीर आणि संगीत एकाच वेळी आलंबन होतात याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण आषाढी वारीत दिसते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांत पायी कापले जाते, आणि दिंडीत चालणाऱ्या टाळकऱ्यांचे पाऊल, टाळ आणि अभंग हे एकाच लयीत बांधलेले असतात. भजनी ठेका आठ मात्रांचा आहे. मोठ्या अभंगाची रचना सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चरणांची आहे, आणि शेवटचा आखूड चरण चालणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवतो असे मला नेहमी वाटते. एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा, या देवाणघेवाणीत गाणे आणि ऐकणे, श्वास सोडणे आणि घेणे आलटून पालटून येत राहते. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग इथे २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात समूहगान करणाऱ्यांच्या हृदयाच्या गती एकत्र वरखाली होतात असे दिसले होते, आणि त्याचे कारण असे, की गाण्याचे चरण सर्वांना एकाच जागी श्वास घ्यायला लावतात. वारीत चालणाऱ्याला त्याच्या श्रद्धेने जे मिळते ते अशा मोजमापात मावणारे नाही. पण थकलेली माणसे दिवे घाट गाणी म्हणत कशी चढतात याचे एक अंग त्यातून कळते.

ढोल-ताशाच्या पथकातही पाय, हात आणि ताल एकत्र येतात, तरीही मी त्याला या मालिकेत बसवणार नाही. तिथे आवाज इतका मोठा असतो, की सूक्ष्म चूक ऐकू येण्याची सोयच उरत नाही. तो जल्लोष आहे आणि जल्लोषाची माणसाला गरज असते, पण त्यात भान हरपते, ते सूक्ष्म होत नाही.

मेंदूत काय होते, आणि कुठे जपायचे

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी फोनवरून विचारले, की तुम्ही आत्ता काय करत आहात आणि तुमचे मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि तसे असताना लोक सरासरीने कमी आनंदी होते. मेंदूत या भटकंतीशी जोडलेले एक जाळे आहे. मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याच्याकडे लक्ष वेधले, आणि त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. आपण काहीच करत नसतो तेव्हा ते अधिक सक्रिय असते आणि ‘मी, माझे, माझ्याबद्दल’ या विचारांशी त्याचा संबंध आहे. जडसन ब्रूअर यांच्या २०११ मधल्या अभ्यासात अनुभवी साधकांमध्ये ध्यानाच्या वेळी या जाळ्याच्या मुख्य भागांची हालचाल मंदावलेली दिसली.

आता याच्या शेजारी चार्ल्स लिम आणि ॲलन ब्राउन यांचा २००८ मधला प्रयोग ठेवू. सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना त्यांनी मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून छोट्या कीबोर्डवर उत्स्फूर्त वादन करायला लावले. स्वतःवर पहारा ठेवणारे, तोलूनमापून पाहणारे कपाळामागचे बाजूचे भाग शांत झाले, पण मधला भाग, जो स्वतःला व्यक्त करण्याशी जोडला जातो, उलट जागा झाला. वादकाचा आतला परीक्षक उठून गेला होता, पण ‘मी’ मात्र मंचावरच होता. असे एकदोन प्रयोग हे काही अंतिम निकाल नव्हेत, तरी रंगून जाणे आणि ध्यान यांतला फरक ओळखायला ते मदत करतात.

हा फरक आपल्या जुन्या आचार्यांनी यंत्रांशिवाय टिपला होता. संगीतात ‘लय’ म्हणजे गती. वेदान्तात मात्र ‘लय’ हे ध्यानातल्या एका विघ्नाचे नाव आहे, म्हणजे मनाचे सुस्तीत विरघळणे. वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद यांच्या कारिकेत, म्हणजे श्लोकग्रंथात, ‘लये सम्बोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः’ असे सांगितले आहे, म्हणजे मन विरघळू लागले तर त्याला जागे करावे आणि उधळले तर शांत करावे. आणि पुढच्याच श्लोकात त्या सुखाची चव घेत बसू नये असेही बजावले आहे. तानपुऱ्याच्या गुंजनात डुलकी लागणे हे पहिले विघ्न, टेकडीवर सभेतल्या भांडणात जाऊन बसणे हे दुसरे, आणि ‘काय सुंदर लागला आज षड्ज’ असे म्हणून त्या षड्जावरच भाळून पुढचा श्वास चुकवणे हे तिसरे. तिन्ही माझ्या चांगल्या ओळखीची आहेत, आणि तिसरे सर्वांत चिवट आहे.

या तिसऱ्याला हल्ली यंत्रांचे खतपाणी मिळते. मनगटावरचे घड्याळ दर किलोमीटरला थरथरते, फोनमध्ये रियाज ध्वनिमुद्रित होत असतो, आणि लक्ष पावलावरून आकड्यावर, सुरावरून तो ऐकणाऱ्या कल्पित श्रोत्यांवर सरकते. प्रगती मोजण्यात गैर काही नाही. पण मोजण्याचे दिवस आणि मुरण्याचे दिवस वेगळे ठेवावेत, आणि मुरण्याच्या दिवशी घड्याळ घरी ठेवावे. ॲपवरचा तानपुरा रियाजाला चालतो. हाताने तारा छेडण्यात बोटांनाही काम मिळते, म्हणून प्रत्यक्ष वाद्य असल्यास उत्तम. खर्ज रेटून लावल्यास गळा दुखावतो, आणि गुडघा दुखत असताना ‘तंद्री मोडेल’ म्हणून धावत राहणे हा शुद्ध अविचार आहे. दुखणे हाही शरीराने दिलेला तात्काळ प्रतिसादच असतो. गंभीर नैराश्य किंवा अस्वस्थता असेल, तर छंद उपचाराच्या सोबतीला असावा, उपचाराच्या जागी नसावा.

ज्याला हे करून पाहायचे आहे त्याने आपल्याला सहज येणाऱ्या गोष्टीपासून, नेहमीपेक्षा संथ गतीने, पंधरा-वीस मिनिटे सुरुवात करावी. मन गेले की परत आणावे आणि किती वेळा गेले याची नोंद ठेवू नये. शेवटची मिनिटे मात्र वेगळी राखावीत. गाणे थांबवावे पण तानपुरा छेडत राहावे, मग बोटेही थांबवावीत आणि शेवटची खर्जाची तार विरेपर्यंत ऐकावे. टेकडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर लगेच पाण्याची बाटली किंवा फोन न काढता धाप ओसरेपर्यंत नुसते उभे राहावे. सुरुवातीला जो माणूस आसनावर दोन-तीन श्वासांपलीकडे टिकत नव्हता, त्याच्या ध्यानात येते, की या क्षणी ना ठेका आहे, ना पाऊल, फक्त श्वास चालू आहे आणि आपण तो ऐकत आहोत.